अकरा बोटींचे पाय

ताईला जगातली दोन वाक्यं मुळीच खपत नसत. एक, "हे आता बदलावंच लागेल." दुसरं, "हे उघडत नाही." पहिलं ऐकलं की तिच्या कपाळावर आठी चढायची. दुसरं ऐकलं की हातातलं काम टाकून, बाह्या सरसावून ती त्या न उघडणाऱ्या वस्तूच्या हात धुऊन मागे लागायची. धक्क्यावरचे लोक म्हणत, हिला कुलूपबंद पेटी दिली तर आत काय आहे ते ही नंतर बघेल, आधी कुलूप कसं बनवलंय ते बघेल. लोक कधी कधी खरंही बोलतात.

खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणाऱ्या अकरा बोटी होत्या आणि त्या अकरांच्या दुखण्यांची ताई ही एकच डॉक्टर होती. या बोटींचं इंजिन पोटात आणि मागच्या बाजूला पाण्यात लोंबणारा ॲल्युमिनियमचा जाडजूड अवयव. आत दात्यांची चाकं, खाली टोकाला पंखा. हा पंखा फिरला तर बोट चालणार, नाहीतर ती लाकडाची महागडी बादली. कंपनीच्या कागदांत त्या अवयवाला ड्राइव्ह म्हणत. धक्क्यावर कोणी एवढे कष्ट घेत नसे, सगळे त्याला 'पाय' म्हणत. "ताई, सकाळपासून माझा पाय गळतोय," असं सांगत एखादा धडधाकट नावाडी तरातरा चालत आला की नवखा माणूस त्याच्या पायांकडे बघत राही.

शेड तिच्या बापाची. बापाला एक मुलगा, एक मुलगी. मुलाला ग्रीस दिसलं की मळमळायचं, तो शिकला आणि दूरच्या एका गार कचेरीत जाऊन बसला. मुलगी सातवीत असताना न विचारता एक पाय उघडून बसली होती. बापाने आधी एक धपाटा घातला आणि मग विचारलं, "आता हा लावता येईल का?" लावता आला. फक्त एक वॉशर उरला. तो कुठला ते शोधायला तिला तीन दिवस लागले आणि ते तीन दिवस बापाने ओठ शिवून बाजूला बसून काढले. ताई सांगायची की तिचं सगळं शिक्षण त्या तीन दिवसांत झालं, शाळेत नुसती हजेरी लागली.

नवरा तिने स्वतः पसंत केला. तो शिंपी. शेडच्या समोरच त्याचं दुकान, दोघांच्या मध्ये फक्त एक गल्ली. हा गृहस्थ पाण्याला इतका भ्यायचा की लग्नाला बावीस वर्षं झाली तरी एकदाही बोटीत बसला नव्हता. पलीकडच्या काठावर कोणाकडे कार्य असलं तर पुलावरून अडीच तासांचा वळसा घालून जायचा. ताई त्याची थट्टा करायची. तो म्हणायचा, "तुझ्या हातचे पाय मी बघितलेत ना, सगळे आजारी." त्याची असली उत्तरंच तिला आवडायची.

तिची काम करायची रीत ठरलेली. पाय तपासायचा तो सकाळी, बोट रात्रभर उभी राहिल्यावर आणि इंजिन सुरू करायच्या आधी. खालचं बूच हलकेच सैल करायचं आणि तेलाचे पहिले थेंब पांढऱ्या बशीत धरायचे. आत पाणी शिरलं असेल तर ते रात्रीत तळाशी बसतं आणि सगळ्यात आधी बाहेर येतं. इंजिन एकदा फिरलं की तेल आणि पाणी घुसळून एक होतं, मग कोणी काहीही थापा माराव्यात. बुचाला लोहचुंबक असतो. त्याला काळी बारीक पूड चिकटली तर ते वय, चकचकीत किस चिकटला तर ते दुखणं. ती ते तेल बोटांत चोळायची, हुंगायची आणि बशी बोटीच्या मालकापुढे धरायची. मालकाला दाखवल्याशिवाय एक बोल्टही ती सैल करत नसे. "माझ्यावर विश्वास ठेवू नका, बशीवर ठेवा," हे तिचं बोलणं.

तिचा बाप म्हणायचा, पाय आपणहून मरत नाही, त्याला मारतात. जाळ्याचा तुटका दोरा पंख्यामागे गुंडाळतो आणि रबरी सील कापतो. सील ते केवढं, बांगडीएवढं, किंमत दोन वेळच्या चहाची. ते वेळेवर बदललं नाही तर पाणी आत, तेल बाहेर, दात्यांवर गंज आणि मग जी चाकं बदलावी लागतात त्यात नावाड्याची दोन महिन्यांची कमाई जाते. दोन चहा की दोन महिने, एवढा सरळ हिशेब. पण माणसाचा स्वभाव असा की दोन चहा वाचवताना तो स्वतःला शहाणा समजतो. ताईने या शहाण्यांना आयुष्यभर शिव्या घातल्या आणि त्यांच्या बोटी चालत्या ठेवल्या. बापाने बसवलेला एक पाय तर एकोणीस वर्षं चालला. बोट कुजली, पाय नाही.

आणि त्या वर्षी पाय खरोखरच मरायला लागले.

आधी आबांच्या बोटीचा. आबा धक्क्यावरचे सगळ्यात जुने नावाडी, कानाने अर्धे आणि जिभेने पूर्ण. त्यांच्या पायाला बारीक खड्डे पडले. ताईने सील बदललं; महिन्याभरात बशीत दुधाळ तेल. पुन्हा बदललं, पुन्हा तेच. सील जिथे बसतं तिथलाच धातू खाल्ला गेला होता, कडेकडेने पाणी आत जात होतं. मग दुसरी बोट, मग तिसरी. चार महिन्यांत आठ. आबांची बोट तर दोन महिने चिखलात बसून होती आणि आबा रोज धक्क्यावर येऊन दुसऱ्यांच्या बोटी जाताना बघत. काही बोलत नसत. जिभेचा माणूस गप्प बसला की ऐकवत नाही.

कुजबुज सुरू झाली. "तिचा बाप होता तोवर असं नव्हतं." हे वाक्य ताईच्या पाठीमागे बोललं जायचं, पण एवढ्या मोठ्याने की पाठीला ऐकू यावं. ती रात्री नीट जेवत नसे. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. पाय उघडावा, सगळं नीट बघावं आणि तरी कारण सापडू नये, असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

अशा वेळी पाय बनवणाऱ्या कंपनीचे डीलरसाहेब आले. कडक इस्त्रीचा शर्ट आणि बोलणं त्याहून कडक. बोटवाल्यांच्या संस्थेपुढे त्यांनी प्रस्ताव ठेवला: जुने अकराच्या अकरा पाय कंपनीला द्या, नवे घ्या. नव्या पायाच्या प्रत्येक बोल्टवर लाल शिक्का. तो शिक्का फक्त कंपनीचा माणूस तोडणार. दुसऱ्या कोणी हात लावला तर हमी खलास, तीही सगळ्या बोटींची. दर पाच वर्षांनी कंपनी पाय बदलणार, दर महिन्याला ठरलेली रक्कम. करार दहा वर्षांचा. घेतला तर अकरांनी, नाहीतर कोणीच नाही.

"पाच वर्षं हेच त्याचं आयुष्य असतं," डीलर म्हणाले. "तुमचे सात वर्षं चालले, नशीब समजा. यापुढे दुरुस्ती म्हणजे मेलेल्याला सलाईन."

संस्थेचा अध्यक्ष स्वतः नावाडी, ताईच्याच वर्गातला, आबांचा जावई. माणूस वाईट नव्हता. फक्त शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटायचं. त्याने रविवारी मतं घ्यायचं ठरवलं आणि शेडमध्ये येऊन सांगून गेला. "तुझ्याविरुद्ध काही नाही, ताई. पण आठ बोटी बसल्या तर खायचं काय?"

तो गेल्यावर ताईने शेडभर नजर फिरवली. करार झाला तर आठवड्याभरात इथे उघडायला काही उरणार नव्हतं. वय एक्कावन्न. या हातांना दुसरं काही येत नव्हतं आणि खरं तर दुसरं काही यावं अशी त्यांची इच्छाही नव्हती. संध्याकाळी शिंपीबुवा चाचरत म्हणाले, "माझ्याकडे पिशव्यांचं काम येतंय बघ. दोघांना पुरेल." ताईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला, सुईत दोरा आधीच होता.

गुरुवारी दुपारी ओहोटी लागली आणि सगळ्या बोटी चिखलावर टेकल्या. ताई खरडणी घेऊन चिखलात उतरली. गेले चार महिने ती मेलेल्या आठांकडे बघत होती. आज तिने ठरवलं, जिवंत तिघांकडे बघायचं. एक होता महाकंजूष नावाड्याचा, जो पैसे खर्च होतील म्हणून खोकलासुद्धा दाबायचा. दुसरा, दोघा भावांच्या भांडणात कोणीच लक्ष न दिलेला. तिसऱ्याचा मालक दरवर्षी सरकारी तपासणी चुकवायचा आणि दंड भरायचा. तिन्ही पाय दिसायला भिकार, रंग उडालेले, शेवाळ आणि शिंपले चिकटलेले. आणि खालून धातू ठणठणीत. ताईला वाटलं, देवाला आळशी माणसांची एवढी काळजी का?

मग तिची नजर जस्ताच्या वडीवर गेली. प्रत्येक पायाला खाली साबणाच्या वडीएवढं जस्त बोल्टने बसवलेलं असतं. खारं पाणी भुकेलं असतं, ते धातू खातं. त्याच्यापुढे जस्त ठेवलं तर ते आधी जस्त खातं आणि पायाला सोडतं. म्हणून झिजलेलं जस्त ही चांगली बातमी. संपत आलं की नवी वडी बसवायची, बस. या तिघांची जस्तं झिजून झिजून बोटभर उरली होती. ताई आबांच्या बोटीशी आली. जस्त अख्खं. पुढची बोट, अख्खं. आठही अख्खी.

ती नडगीभर चिखलात थबकली. कारण हे तिला माहीत होतं. तीन वर्षं प्रत्येक तपासणीला तिने आपल्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'जस्त शाबूत'. एवढंच नव्हे, खूशही झाली होती: काय दणकट माल मिळालाय यंदा, बिचाऱ्यांचे पैसे वाचले! ज्याने झिजायचं तेच झिजत नाहीये, मग पाणी काय खातंय, हा प्रश्न तीन वर्षं तिच्या डोक्यात आला नव्हता. तिने खरडणी टेकवली. करड्या रंगाचा पापुद्रा बटाट्याच्या सालीसारखा निघाला. खाली जस्त कोरं करकरीत, साच्याचा आकडासुद्धा पुसला नव्हता. जस्तावर रंग बसला होता. रंगाखालच्या जस्ताला पाणी लागत नाही, म्हणजे ते असून नसून सारखंच.

आणि हा रंग कोणाचा, हेही तिला लगेच आठवलं. तीन वर्षांपूर्वी सरकारी तपासणीच्या आधी आठ जणांनी पाय रंगवायला शेडमध्ये दिले होते. कंजुषाने अर्थातच दिला नव्हता. त्याआधी रंग ब्रशने व्हायचा आणि ब्रश जस्ताशी आला की हात आपोआप थांबायचा. त्या वर्षी ताईने रंग फवारायची गन घेतली होती, नवी कोरी. काय तो रुबाब! दोन दिवसांचं काम एका दुपारी. पंख्यावर कागद बांधला, भोकांत चिंध्या कोंबल्या आणि जस्तावर पट्टी लावायची विसरली. आठच्या आठ पाय आरशासारखे चमकले, तपासणी अधिकाऱ्याने पाठ थोपटली आणि त्या संध्याकाळी ताई गल्लीत अंमळ ताठच चालली होती. बाप आजारी होता, घाई होती, अशी सबबही नव्हती. बाप त्याआधीच गेला होता आणि ती मजेत होती.

घरी आल्यावर तिने शिंपीबुवांना सगळं सांगितलं. त्यांनी शिवण बाजूला ठेवली.

"हे आणखी कोणाला कळलंय?"

"नाही. रंग कोणाचा ते आता कोण सांगणार? अर्धे जण घरीही रंग मारतात. 'तुम्हीच जस्तावर रंग मारलात' म्हटलं तर त्यांनाही खरं वाटेल. करार मोडेल, शेड राहील."

"मग?"

"मग काय! मी गेली तीस वर्षं त्यांच्या तोंडापुढे बशी धरली. आता माझं तेल खराब निघालं तर बशी लपवू?" तिचा आवाज चढला. "आणि मी काही हात जोडून माफीबिफी मागायला जाणार नाहीये, सांगून ठेवते. चूक सांगेन. पण शेड नाही देणार."

"मी कुठे काय म्हटलं?" शिंपीबुवा म्हणाले. मग शिवण पुन्हा उचलत म्हणाले, "माप चुकलं तर मी गिऱ्हाइकासमोरच उसवतो. एक-दोन जण सोडून जातात. बाकीचे नंतर माप घेताना सरळ उभे राहतात." यात दिलासा किती होता कोण जाणे, पण त्या रात्री ताई पोटभर जेवली.

रविवारी तिने अध्यक्षाला निरोप धाडला की बैठक सभागृहात नाही, शेडमध्ये. अध्यक्ष कुरकुरला आणि आला. शेवटी ताई बोलली होती, म्हणून त्याला तेच पटलं. अकरा नावाडी, डीलरसाहेब, त्यांचा चष्मेवाला इंजिनिअर आणि दारात, पाण्यापासून सुरक्षित अंतरावर, शिंपीबुवा. मधल्या टेबलावर दोन पाय आडवे ठेवलेले: आबांचा आणि कंजुषाचा.

ताईने प्रस्तावना केली नाही. खरडणीने आबांच्या पायाचं जस्त सगळ्यांसमोर सोललं आणि बाजूला कंजुषाचं झिजलेलं जस्त ठेवलं. "ज्याने मरायचं ते जिवंत आहे, म्हणून ज्याने जगायचं तो मेला. आठही पायांची हीच गत. पाय सात वर्षांत म्हातारा झालेला नाही. त्याच्या जस्तावर रंग बसलाय."

शेडमध्ये गलका झाला. कंजूष हसू लपवत नव्हता. चिकटपणाचं असं जाहीर कौतुक त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं. कोणीतरी विचारलं, "पण रंग मारला कोणी?"

"मी," ताई म्हणाली.

तिने आपली वही टेबलावर ठेवली.

"गन नवी होती, मिजास होती, पट्टी लावायची विसरले. आणि नंतर तीन वर्षं डोळ्यांवर झापडं बांधून 'शाबूत, शाबूत' लिहीत गेले. ही वही. वाचा."

डीलरसाहेबांचा चेहरा फुलला. ही मेजवानी आपणहून ताटात येईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. "ऐकलंत ना सगळ्यांनी? मी वेगळं काही बोलायची गरज नाही. म्हणूनच आमची कंपनी बाहेरच्या माणसाला हात लावू देत नाही. मॅडम प्रामाणिक आहेत, त्याबद्दल आदर आहे, पण आठ बोटी त्यांनीच घालवल्या."

"घालवल्या नाहीत, आजारी पाडल्या," ताई म्हणाली. "खड्डे वेल्डिंगने भरता येतात, सीलची जागा पुन्हा कातून घेता येते. आठही पाय मी भरून देते, मजुरीचा एक पैसा घेणार नाही. वर्ष लागलं तर वर्ष लागू दे. साहेब, मला एक सांगा. तुमच्या कंपनीतल्या माणसाच्या हातून चूक होते की नाही?"

"आमच्याकडे तपासणीची पद्धत आहे."

"माझ्याकडेही होती. होते की नाही?"

डीलर काही म्हणायच्या आत चष्मेवाला इंजिनिअर बोलून गेला, "होते कधी कधी." डीलरने त्याच्याकडे बघितलं आणि त्याने चष्मा पुसायला घेतला.

"झालं तर!" ताईचा आवाज आता धक्क्यापर्यंत जात होता. "माझी चूक आज तुम्हाला दिसली. का दिसली? पाय उघडता आला म्हणून. खरडता आला म्हणून. त्यांची चूक झाली तर दिसणार कशी? लाल शिक्क्याच्या आत? त्यांचाच माणूस येणार, त्यांचाच माणूस उघडणार, तोच सांगणार की 'आयुष्य संपलं, बदला'. आणि तुम्ही माना डोलवणार, कारण बघायची तुम्हाला मनाई! मी चुकले, मला शिव्या घाला. दुसरा मेकॅनिक आणा, मी त्याला माझी हत्यारं देईन. पण माझ्या चुकीवर औषध म्हणून स्वतःच्या बोटीला दुसऱ्याचं कुलूप लावून घेऊ नका!"

"मॅडम, भावना ठीक आहेत," डीलर शांतपणे म्हणाले. "पण यापुढे सुटे भाग कुठून आणाल? आमच्याकडून तर मिळणार नाहीत."

"सीलवर माप छापलेलं असतं, साहेब. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ते माप कोणाच्या बापाचं नाही."

हशा पिकला, पण मतं हसण्यावर पडत नाहीत. अध्यक्षाने हात वर करायला सांगितले. कराराच्या बाजूने पाच. त्यांच्या बोटी बसल्या होत्या, घरं बसली होती, त्यांचं काही चुकत नव्हतं. विरुद्ध चार: ते तिघे ठणठणीत पायांचे आणि एक जण, ज्याचा पाय गेला होता तरी ज्याला डीलरचा शर्ट आवडला नव्हता. उरले आबा आणि अध्यक्ष. अध्यक्ष आजवर सासऱ्याच्या विरुद्ध गेला नव्हता. घरी जायचं असतं माणसाला. म्हणजे सगळं आबांवर आलं. आणि सगळ्यात जास्त नुकसान आबांचंच झालं होतं.

आबा टेबलाशी आले. आपल्या पायाच्या खड्ड्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला, एकेका खड्ड्यात नख घालून बघितलं.

"हे तू केलंस," ते म्हणाले.

"हो, आबा."

"दोन महिने मी धक्क्यावर बसून होतो. मला वाटलं, माझंच काही चुकलं. दोरा अडकला असेल, मला दिसला नसेल. म्हातारा झालो, असं वाटलं मला."

ताईला डीलरचं बोलणं लागलं नव्हतं, हे लागलं. पण तिने नजर खाली केली नाही. "तुमचं काही चुकलं नव्हतं, आबा. माझं चुकलं."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"गुरुवारी कळलं. रविवारी सांगितलं."

आबांनी डीलरकडे तोंड वळवलं. "साहेब, तुमचे लोक बिघाड सांगतात, माहितीये मला. पण बिघाड आमच्यामुळे झाला, असं कधी सांगतात का हो?"

डीलर हसले आणि शर्टाची बाही सारखी करू लागले.

"जावईबापू, तो कराराचा कागद साहेबांना परत द्या." मग ताईकडे वळून, बोट उगारून आबा म्हणाले, "खूश होऊ नकोस. माफ-बिफ केलेलं नाही मी. माझा पाय पहिला भरायचा. आणि मी रोज येऊन समोर बसणार. एक खड्डा जरी मला न दाखवता बुजवलास, तर त्याच दिवशी पाय खांद्यावर टाकून या साहेबांकडे जाईन."

"या की," ताई म्हणाली. "पण बसायला स्टूल घरून आणा. आणि कामात तोंड घातलंत तर हाकलून देईन."

"बघतोच कशी हाकलतेस!"

डीलरसाहेब कागद घडी करून गेले. कराराच्या बाजूचे पाच जण तणतणत गेले. त्यातल्या दोघांनी पुढे महिनाभर ताईशी धड बोलणं ठेवलं नाही आणि पाय मात्र भरून घ्यायला आणून टाकले. चष्मेवाला इंजिनिअर तेवढा दारात रेंगाळला आणि जस्ताच्या त्या कोऱ्या वडीचा फोटो काढून गेला. ताईने गन विकली नाही, टाकलीही नाही. गनचा काय दोष?

सोमवारी सकाळी तिने शेड उघडली तेव्हा आबा दारात हजर होते, काखेत स्टूल, चेहऱ्यावर तक्रार. त्यांनी टेबलासमोर स्टूल मांडलं, ऐसपैस बसले आणि हाताची घडी घातली. ताईने दिवा लावला, पाय सरळ केला, खडूने पहिल्या खड्ड्याभोवती गोल काढला आणि दुसरी खरडणी म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"नुसतं बघून काय कळणार तुम्हाला? खरडा."

आबांनी दोन शिव्या हासडल्या, स्टूल पुढे ओढलं आणि खरडायला लागले.